शास्त्र सांगावे गोष्टीसारखे

(शेतकऱ्यांच्या लेखन शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञान आणि ललित लेखन यांचा मेळ कसा घालावा, हा आजचा विषय. ऐकायला जड वाटतो, म्हणून आपल्या नेहमीच्या सोयाबीनपासूनच सुरुवात करतो.

आमच्या घडीपत्रिकेत लिहिलेले असते : पेरणीपूर्वी बियाण्यास प्रथम बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक व शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू संवर्धक, प्रत्येकी २५० ग्रॅम प्रति १० किलो बियाणे या प्रमाणात चोळावे, बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. मजकुरात चूक काहीच नाही. पण आठ दिवसांनी क्रम विचारला, की हमखास गोंधळ!

आता हेच असे सांगून पाहा. संवर्धकाचे पाकीट म्हणजे भुकटी नव्हे, त्यात जिवंत पाहुणे आहेत. घरात ढेकणाचे औषध मारायचे असेल, तर ते पाहुणे येण्याआधी मारावे. ते आल्यावर त्यांना उन्हात ताटकळत ठेवू नये. क्रमही लक्षात राहिला आणि सावलीही, कारण दोन्हींमागचे कारण कळले. उपमा द्यायची ती अशी. नुसत्या शोभेची उपमा म्हणजे तणच, खुरपून टाकलेले बरे.

मात्र गोष्ट सांगताना शास्त्र निसटू देऊ नये. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते, पण त्यांची नजर कोणाही शास्त्रज्ञाला हेवा वाटावा अशी होती. सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात विणकामाचे श्रेय मादीला आहे. प्रत्यक्षात खोपा विणतो नर. मादी अर्धवट खोपा पारखते आणि पसंत पडला, तर नर तो पुरा करतो. कवितेचे त्यामुळे काही बिघडत नाही. पण तुमच्या गोष्टीत दोन ग्रॅमचे दोन चमचे झाले, तर कोणाचे तरी पीक जाईल.

आणि कधी जीवही जाईल. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावर सूचना असतात, पण इतक्या बारीक अक्षरात, की चष्मा लावूनही वाचवत नाहीत. विष तोंडावाटेच जाते असे नाही; ते कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात भिनते. हे कोणी कथेत लिहावे. फवारणारा संध्याकाळी घरी येतो, लेकरू ओल्या सदऱ्याला बिलगते, बायको तोच सदरा उघड्या हातांनी धुते. एवढ्या तीन ओळी हातमोजे, अंघोळ आणि वेगळे कपडे यांवरच्या आमच्या पानभर सूचनांपेक्षा जास्त काम करतील, असे माझे मत आहे.

हे काम आमच्यापेक्षा तुम्हांलाच चांगले जमेल. आमची भाषा परीक्षा देऊन देऊन वाळली आहे.

तर यंदा एक करा. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी सोयाबीनचे एक झाड काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात, हलक्या हाताने खणा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला, तर पाहुणे हवेतला नत्र झाडाला पुरवीत आहेत असे समजा. हिरवट किंवा पांढरी निघाली, तर काम बंद आहे. काय दिसले, ते तुमच्या बोलीत लिहून आणा. मात्रा व मोजमाप तेवढे आम्ही तपासू, भाषेला हात लावणार नाही.