परक्या भाषेतील हट्टी क्रियापदे

आज स्पॅनिश भाषेतील क्रियापदांविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. आपल्याला त्यांच्याशी काय करायचंय, असे कुणी म्हणेल. पण शेजाऱ्याचे घर पाहून आले म्हणजे आपल्या घराची मांडणी नव्याने ध्यानात येते. भाषेचेही तसेच आहे.

स्पेनपासून मेक्सिको, अर्जेंटिनापर्यंत बोलल्या जाणाऱ्या या भाषेत क्रियापदांचे तीन गट आहेत : आर, एर आणि ईर यांनी संपणारे. 'आब्लार' म्हणजे बोलणे, 'आब्लो' म्हणजे मी बोलतो. ही एक चाल बसली की शेकडो क्रियापदे आपोआप वळणावर येतात. वळणावर येत नाहीत ती नेमकी रोजच्या वापरातली : असणे, जाणे, करणे, येणे, देणे. असे का? जो शब्द क्वचित लागतो, त्याचे जुने रूप लोक विसरतात आणि नियमाने नवे बनवतात. जो दिवसातून पन्नासदा तोंडी येतो, त्याचे जुने रूप विसरायला सवडच मिळत नाही!

जाणे या अर्थाचे 'ईर' पाहा. मी जातो म्हणजे 'बोय', मी गेलो म्हणजे 'फुई'. लॅटिनमधील तीन निरनिराळ्या धातूंनी मिळून हे एक क्रियापद झाले आहे. शिवाय 'फुई' याचा अर्थ 'मी होतो' असाही होतो. कोणता घ्यायचा ते वाक्यावरून कळते. नवल वाटले ना? मग आपले 'जातो' आणि 'गेलो' आठवा. एक संस्कृत 'या' धातूपासून आले, दुसरे 'गत' या रूपापासून. आपल्याला ते कधी खटकत नाही, इतकेच.

काही रूपांतला बदल मात्र नियमानेच होतो. 'पोदेर' म्हणजे शकणे. मी शकतो म्हणजे 'प्वेदो', पण आम्ही शकतो म्हणजे 'पोदेमोस'. बोलताना ज्या अक्षरावर जोर पडतो, तिथला 'ओ' फुटून 'वे' होतो. जोर पुढे सरकला की 'ओ' परत येतो. आपणही 'पीठ' म्हणतो, पण 'पिठात' लिहितो. कारण निराळे, पण शब्द लांबला की स्वर बदलतो हे आपल्याला ओळखीचेच आहे.

आता वाक्प्रयोग. आपल्याला भूक 'लागते'. स्पॅनिश माणूस म्हणतो 'तेंगो आंब्रे', माझ्याजवळ भूक आहे. त्याच 'तेंगो'पुढे 'के' आणि दुसरे क्रियापद ठेवले की 'मला करावेच लागेल' असा अर्थ निघतो. 'आकाबो दे येगार' याचे शब्द सुटे केले तर 'मी पोचण्याचे संपवतो' असे होईल. अर्थ मात्र 'मी नुकताच पोचलो'. आपल्या 'मार खाल्ला' याचा शब्दशः अर्थ लावणाऱ्याची जी गत, तीच इथे. म्हणून असे प्रयोग जोडीनेच पाठ करावेत, आणि रूपेही कोष्टकातून न घोकता लहान वाक्यांतून म्हणावीत.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. स्पॅनिश मूल 'मला माहीत आहे' या अर्थी 'से' म्हणायचे सोडून 'साबो' म्हणते. आपले मूल 'केलं' ऐवजी 'करलं' म्हणते. त्या मुलाला कुणी न शिकवता नियम सापडला आहे! त्याला हसू नये. 'हो, तू केलंस' असे बरोबर रूप सहज परत म्हणावे. मूल ते उचलते.

दुसरी गोष्ट खेड्यातल्या बोलीची. 'मी आणले' याला आजचे शिष्ट स्पॅनिश रूप आहे 'त्राहे'. काही खेड्यांतून 'त्रुहे' ऐकू येते आणि शहरी लोक त्याला गावंढळ म्हणतात. पण १६०५ साली निघालेल्या सर्वांतेसच्या 'दोन किहोते' या ग्रंथात हेच 'त्रुहे' आहे. तेव्हा मुलाच्या तोंडी घरची बोली आली तर 'हे चूक' असे चटकन म्हणू नका. 'घरी असं म्हणतात, पुस्तकात असं लिहितात,' एवढे सांगितले तर मूल दोन्ही शिकते, आणि आपल्या आईच्या बोलीची त्याला लाज वाटत नाही.