शेजारच्या आसनावरचे पालक
(एका कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



दसऱ्याला आपण वाहनाची पूजा करतो. झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. आणि त्याच संध्याकाळी कितीतरी घरांत दहावीतल्या मुलाच्या हाती किल्ली पडते, ‘कोपऱ्यापर्यंत जाऊन ये’ म्हणून. त्या कोपऱ्याविषयीच आज बोलायचे आहे.

२०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा केंद्र शासनाचा आकडा आहे. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होती. तरुणाई हे राष्ट्राचे बळ, असे आपण व्यासपीठांवरून सांगतो. ते बळ डांबरी रस्त्यावर सांडते आहे.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालक सतरा वर्षांचा होता. जामिनासाठी त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याचे कळताच समाज संतापला, आणि ते रास्तच होते. पण त्या संतापात एक सोयही होती. तो धनिकाचा मुलगा होता, आपला नव्हता. कायद्याला ही सोय मान्य नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो; त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ‘गिअर नसलेली गाडी सोळाव्या वर्षी चालते’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाला आहे. आपल्या अंगणातली स्कूटर ११० नाहीतर १२५ सीसीची असते.

परंतु अठरा पूर्ण झाली, परवाना मिळाला, की पालक सुटले का? माझ्या मते त्यांचे काम तेव्हाच सुरू होते. साधारण प्रशिक्षण वर्गात नियमाप्रमाणे किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास असतात. तेवढ्यात गाडी हलवता येते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात पंचवीस वर्षांखालील शिकाऊ चालकाला १२० तासांच्या सरावाची नोंदवही भरावी लागते, त्यांत २० तास रात्रीचे. हे तास बहुधा आई-वडीलच शेजारी बसून भरून घेतात. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे हे बिनतक्रार करतात. तीच माणसे इथे असती तर ‘वेळ कुठे आहे?’ म्हणाली असती!

शेजारी बसणे ही मात्र साधना आहे. कर्णाचा सारथी शल्य आठवा. रथ हाकण्यात तो निष्णात होता, पण भर युद्धात त्याने कर्णाचा तेजोभंग चालवला. ‘अरे, ब्रेक! दिसत नाही का?’ असे ओरडणारा बाप याच कुळातला. इथे तर लगामही मुलाच्याच हाती असतात. सूचना आधी द्यावी, शांतपणे द्यावी. चूक झाली तर गाडी कडेला घेऊन मग बोलावे.

आरंभ रविवारच्या सकाळी रिकाम्या रस्त्यावर करावा. मग बाजार, मग रात्र, मग घाट. ज्या गिअरमध्ये चढण चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल करायचे नाही, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे घाटात एकदा सोबत जाऊन दाखवले की पुरते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडे होते. त्या दिवशी दुचाकीचा सराव आपल्या देखरेखीखाली व्हावा, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हलके दाबण्याचा.

आणि हे सारे व्यर्थ आहे, जर मुलाने लहानपणी आपल्याच मागे बसून सिग्नल तोडलेला पाहिला असेल. कुटुंब प्रबोधन आणि नागरी कर्तव्य हे दोन्ही विषय आपल्या बैठकांत येतात. ते एकाच गाडीवर बसलेले असतात.

शेवटी मातांना एक विनंती. मूल रस्त्यावर असताना ‘कुठे पोहोचलास?’ असा फोन करू नका. तो उचलण्यासाठीच त्याचा हात खिशाकडे जातो. निघताना एक, पोहोचल्यावर एक, असे ठरवून घ्या, आणि अर्धा तास उशीर झाला तरी कोणी रागावणार नाही, हे त्याने किल्ली उचलण्यापूर्वीच त्याला सांगा.