माडाचा शेंडा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मागच्या महिन्याच्या सभेत परसातल्या झाडांविषयी गोष्टी निघाल्या होत्या. तेव्हा मी सहज म्हटले की माड जगवणे सोपे आणि मारणे त्याहून सोपे. त्यावर सगळ्या हसल्या आणि हा विषय माझ्याच गळ्यात पडला. मला भाषणाची सवय नाही. पण माझ्या हातून एक माड मेला आहे, आणि तो कसा मेला ते मी नीट सांगू शकते. तेवढेच सांगते.

आमच्या परसात पाच माड होते. चार जुने, माझ्या सासऱ्यांच्या वेळचे. पाचवा सासूबाईंनी २००३ साली लावला. त्या वर्षी माझी मुलगी झाली. विहिरीकडच्या माडाचा नारळ त्यांनी सोडणासकट वाळूत पुरून रुजवून ठेवला होता. पोरीला घेऊन मी माहेराहून परत आले, तेव्हा त्यांनी मृगाच्या पावसात तो खड्ड्यात बसवला. खड्डा हातभर रुंद नव्हे, चांगला तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तितकाच खोल. मला वाटले, एवढ्याशा रोपाला विहीर कशाला खणायची? पण त्या म्हणाल्या, आज लहान दिसते म्हणून झबले शिवतात, माडाला अंगरखाच शिवून ठेवावा लागतो.

बाणवली जातीचा माड सहा-सात वर्षांनी फळाला येतो. आमच्या माडाला २०१० साली पहिली पोय आली. पोय म्हणजे काय हे आपणांस सांगायला नको, पण एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळी फुटते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यातून एक पोय येते. पोय उमलल्यापासून नारळ पिकायला अकरा-बारा महिने लागतात. म्हणून चांगल्या माडावर एका वेळी फूल, बोंड, कोवळे शहाळे आणि पिकलेला नारळ असे सगळे दिसते. एकत्र कुटुंबात जशी पाळण्यातल्या पोरापासून लग्नाच्या मुलीपर्यंत सगळी असतात, तसेच. घड वजनाला येतो तेव्हा तो खालच्या झावळीवर टेकून राहतो. हे कळल्यावर लग्नाच्या मांडवासाठी आम्ही किती हिरव्या झावळ्या उतरवल्या ते आठवून मला वाईट वाटले.

पूर्वी आमच्याकडे नारळ पाडायला पलीकडच्या वाडीतला एक म्हातारा गडी येई. दर दोन-अडीच महिन्यांनी यायचाच. नारळ पाडण्याआधी तो शेंड्यात बसून जुनी जाळी आणि सुकलेली पोय काढून टाकी, झावळ्यांच्या बेचक्यात बोटे घालून पाही आणि एखादा भुंगा सापडला तर तारेने ओढून खाली टाकी. कोंबड्या धावत येत. आम्हाला वाटे, हा उगीच वेळ काढतो. मजुरी मात्र झाडावर ठरलेली, वेळेवर नव्हे. तेव्हा त्याच्या ह्या कामाचे आम्ही कधी काही मोजले नाही.

२०१३ साली त्याचे गुडघे गेले. मुले मुंबईला. दुसरा माणूस मिळेना. मिळाला तर वर्षातून एकदा येई, नारळ पाडून पैसे घेऊन जाई. पिकलेले नारळ आपोआप खाली पडू लागले, एक तर गोठ्याच्या कौलांवर पडला. तेव्हा माझा पुतण्या म्हणाला, काकी, खोडाला खाचा पाडून द्या, मीच चढतो. ह्यांना ते पटले. मला तर फारच पटले.

सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माडाला पायऱ्या करू नका. त्याची जखम भरत नाही." मी म्हटले, "अहो, आंब्याला किती घाव घालतात, तो काही मरतो का?" त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खाचा पाडल्या. जुने चार माड फार उंच, म्हणून सुरुवात धाकट्यापासून केली. त्याचे खोड तेव्हा दीड पुरुष उंचीचे होते.

सासूबाईंचे म्हणणे किती खरे होते ते मी पुढे समजून घेतले. आंब्याच्या सालीखाली वाढणारा एक थर असतो. घाव पडला की कडेने नवी साल वाढत येते आणि काही वर्षांत जखम मिटते. म्हणून आंब्याचे खोड दरवर्षी जाडही होते. माडाला तो थर नाही. त्याचे खोड एकदा जेवढे जाड झाले तेवढेच राहते, आणि त्याला पाडलेली खाच तो मरेपर्यंत उघडी राहते. आणखी एक. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. माडाला वाढणारा कोंब एकच, अगदी शेंड्याच्या गाभ्यात. तो गेला की माड गेला. बुंध्याला कितीही पाणी घाला.

आता माझी दुसरी चूक. आमचा उकिरडा त्या माडापासून दहा पावलांवर होता. शेण जवळ, खत जवळ, सोय झाली असे मी समजत होते. गेंड्या भुंगा म्हणून जो काळा, डोक्यावर शिंग असलेला भुंगा असतो, तो अंडी घालतो ती अशाच कुजत्या शेणखतात. पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या शेणात सापडतात त्या त्याच्याच असतात. मोठा झाला की तो रात्री उडून माडाच्या गाभ्यात शिरतो आणि न उलगडलेली कोवळी झावळी कुरतडतो. पुढे ती झावळी उलगडते तेव्हा कात्रीने तिरपी कापल्यासारखी दिसते. लहानपणी आपण कागदाची घडी घालून कातरत असू आणि उलगडल्यावर नक्षी निघे, अगदी तसेच. २०१५ च्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या माडाच्या दोन झावळ्या अशा निघाल्या. मी त्या अंगणातून पाहिल्या आणि वाऱ्याने फाटल्या असतील असे म्हणून आत गेले.

गेंड्या भुंग्याने एकट्याने मोठा माड सहसा मरत नाही. पण त्याने केलेल्या भोकांच्या आणि आपण केलेल्या जखमांच्या वासाने दुसरा येतो, तो सोंड्या भुंगा. तांबूस रंगाचा, पुढे सोंड असलेला. तो जखमेत अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोडाच्या आतला मऊ भाग खात जातात. बाहेर काही दिसत नाही. पाच ते वीस वर्षांच्या माडांना त्याचा उपद्रव जास्त, म्हणजे नेमके फळाला लागलेले तरणे माड. आमचा तेव्हा बारा वर्षांचा.

दिवाळीनंतर एका खाचेतून गुळाच्या पाकासारखा तांबडा चीक गळू लागला. मी त्यावर चुना लावला. काही दिवसांनी दुसऱ्या खाचेतून चावलेल्या काथ्यासारखा भुसा बाहेर आला. त्यावरही चुना लावला. मग माघ महिन्यात मधल्या झावळ्या पिवळ्या पडल्या, तेव्हा मात्र सासूबाई काठी टेकत परसात आल्या आणि मला म्हणाल्या, "कान लाव."

मी खोडाला कान लावला. मैत्रिणींनो, आतून आवाज येत होता. कुरकुर, कुरकुर, कोणी भाजलेला पापड खावा तसा. भर दुपारची वेळ, वारा नाही, आणि झाड आतून कोणी खात आहे. माझ्या अंगावर काटा आला. मी सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी कान लावला नाही. त्यांना तो आवाज ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी हे रत्नागिरीजवळ भाट्याला गेले. तेथे १९५५ सालापासून नारळाचे संशोधन केंद्र आहे. ह्यांनी सगळे वर्णन सांगितले. चीक गळू लागला तेव्हाच आला असतात तर औषधाने वाचण्याची आशा होती, आता शेंडा कलला असेल तर तोडून जाळा, नाही तर त्यातून भुंगे निघून बाकीच्या माडांवर जातील, असे त्यांना सांगण्यात आले. घरी आले तेव्हा शेंडा कललेलाच होता.

२०१६ च्या शिमग्याआधी माड तोडला. खोड फोडले तेव्हा आत काथ्याच्या तंतूंचे गुंडाळलेले कोश निघाले आणि आंबलेला वास सुटला. मुलगी तेरा वर्षांची होती. तिला लहानपणापासून सगळे "तुझा माड" म्हणत. ती रडली नाही, पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सासूबाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. "उकिरडा हलव," एवढेच म्हणाल्या. दोष दिला असता तर मला बरे वाटले असते.

उकिरडा हलवला. आता शेणखत उपसताना मी अळ्या वेचून कोंबड्यांना घालते. लहान रोपांच्या वरच्या बेचक्यांत, कपाटात ठेवतो त्या डांबराच्या तीन गोळ्या घालून वर वाळू टाकते, दीड महिन्याने पुन्हा. मोठ्या माडाला पाव किलो निंबोळी पेंड तितक्याच वाळूत मिसळून बेचक्यांत घालतात. सुकलेली झावळी काढायची तर देठ खोडालगत छाटायचा नाही, हात-दोन हात ठेवून छाटायचा, म्हणजे ताज्या जखमेतून भुंग्याला खोडात वाट मिळत नाही. आणि एक गोष्ट मी ह्या सभेत हात जोडून सांगते. कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी माडाला खिळा मारू नका. आपल्यापैकी निदान चौघींच्या परसात मी तो पाहिला आहे. नावे घेत नाही.

पाण्याविषयी थोडेसे. मोरीचे पाणी माडाला सोडण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण आपण ते बुंध्याशीच ओततो. अन्न-पाणी घेणारी बरीच मुळे त्यापुढे पाच-सहा फुटांपर्यंत पसरलेली असतात. आळे तेवढे रुंद करावे आणि त्यात नारळाची सोडणे पुरावी. ती पाणी धरून ठेवतात. बोंडे गळतात म्हणून पुष्कळ जणी घाबरतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बरीच बोंडे गळायचीच. नारळावर तपकिरी खरवडल्यासारखे डाग पडतात आणि नारळ लहान राहतो, ते मात्र कोळी नावाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीचे काम. ती आपल्या देशात १९९८ साली केरळात प्रथम दिसली आणि मग इकडे आली. म्हणून "आमच्या आजीच्या वेळी असे नव्हते" हे म्हणणे खरेच आहे, त्यात कोणाची दृष्ट लागलेली नाही.

पण औषधापेक्षा मोठी अडचण म्हणजे वर पाहणार कोण? आपण बायका माडाच्या पायाशी दिवसभर वावरतो. भांडी तेथे, धुणे तेथे. शेंड्याकडे मान वर करून पाहत नाही. मी आता दर अमावस्येला प्रत्येक माडाखाली उभी राहून पाहते. नवी झावळी सरळ आहे का, कातरलेली आहे का, खोडावर कोठे चीक आहे का. अमावस्येला काही गुण आहे असे नव्हे, मला तारीख लक्षात राहत नाही म्हणून.

आणि वर चढण्याचे म्हणाल तर त्याचीही सोय निघाली आहे. पायांत अडकवून चढायचे लोखंडी यंत्र मिळते. त्याला खाचा लागत नाहीत. नारळ विकास मंडळाने २०११ सालापासून त्याचे शिक्षण देण्याचे वर्ग चालवले आणि ते बायकांनाही शिकवले. माझी मुलगी २०२२ साली ते शिकली. पहिल्यांदा ती चढली तेव्हा शेजारून आवाज आला, "पोरीच्या जातीने माडावर?" मी काही बोलले नाही, कारण माझे सगळे लक्ष तिच्या पायांकडे होते. ती वर पोचली, शेंड्यात हात घातला आणि ओरडली, "आई, भुंगा!" तारेने ओढून तिने तो खाली टाकला. कोंबड्या धावल्या. कितीतरी वर्षांनी मी तो प्रकार पाहिला. सासूबाई पाहायला नव्हत्या, त्या २०१९ साली गेल्या.

आता कामाचे सांगून बसते. विहिरीकडचा तो जुना माड अजून दरवर्षी शंभराच्या आसपास नारळ देतो. त्याचे पुरते पिकलेले नारळ मी वाळूत घातले होते. त्यांतले जे पाच महिन्यांच्या आत रुजले तेवढेच ठेवले, उशिरा रुजलेले काढून टाकले, कारण ते पुढेही आळशीच निघतात. सध्या नऊ रोपे आहेत. दोन मी त्या रिकाम्या जागेपासून पंचवीस फूट सोडून लावणार आहे, सात वाटायची आहेत. ज्यांना हवीत त्यांनी खड्डा आधी खणून ठेवावा आणि मृगाच्या सुमारास घरी यावे. रोप कोंबाला धरून उचलायचे नाही, नारळाला धरून उचलायचे, म्हणून येताना टोपली आणावी.