घरातला टेस्टर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी बोलणार म्हटल्यावर एकीने सुचवले, "लोणच्यांवर बोला, बायका ऐकतील." परंतु लोणची तुम्हांला माझ्यापेक्षा बरी साधतात. मी बरीच वर्षे यजमानांबरोबर विजेच्या सामानाच्या दुकानात बसते. तेव्हा मला जे ठाऊक आहे तेच सांगते.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. आज आपल्या कबनुरातही गल्लोगल्ली माग खडखडतात, आणि पुष्कळांच्या घराला माग लागूनच आहेत. म्हणजे चूल इकडे आणि भिंतीपलीकडे तीन फेजची वीज.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. स्वयंपाकघरातले बटण चालेना म्हणून माझे धाकटे दीर रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर चढले. तारेला टेस्टर लावला. दिवसाउजेडी दिवा काही दिसला नाही. "वैनी, करंट न्हाई बघा," म्हणाले, आणि एका हाताने तार धरून दुसऱ्याने नळाचा आधार घेतला. स्टुलावरून खाली आले ते हात मोडूनच. जीव वाचला हे आमचे दैव.

टेस्टर खोटा नव्हता. त्याच्यात एक चिमुकला निऑनचा दिवा आणि सुमारे दहा लाख ओहमचा रोध असतो. वीज तारेतून टेस्टरमध्ये आणि आपल्या अंगातून जमिनीत जाते. इतकी थोडी, की आपल्याला कळतही नाही. कोरडे लाकूड आणि रबर मध्ये आले की ती वाटच अडते आणि दिवा नुसता मिणमिणतो. पुढे ओल्या नळाने तिला मोकळी वाट दिली. म्हणून टेस्टर आधी चालू असलेल्या प्लगात लावून पाहावा, हाताचा आडोसा धरून दिवा बघावा, आणि काम झाल्यावर पुन्हा त्याच प्लगात लावावा. दिवा लागला तर वीज आहे. न लागला तर नाहीच, असे मात्र धरू नये.

घेताना टोकापर्यंत प्लॅस्टिकचे आवरण असलेला आणि व्होल्ट छापलेला घ्या. आपल्याकडे त्यानेच डब्याची झाकणे उचकटतात. असा तडकलेला टेस्टर टाकून द्यावा, चार पैशांचा लोभ नको.

दुसरी तक्रार दुकानात नेहमी येते: "प्लगाच्या दोन्ही भोकांत दिवा लागतो, दोन फेज आल्यात!" बहुधा तसे नसते. न्यूट्रल तुटलेली असते, आणि घरात लावलेल्या दिव्या-पंख्यातून फेज उलटी तिच्यात येते. हे टेस्टरला ओळखता येत नाही. वायरमन होल्डरला दोन तारा जोडून बल्ब लावून बघतात. तो खरी वीज ओढतो, म्हणून फसत नाही. परंतु मागाच्या जागी चुकून दोन फेजमध्ये लागला, तर २३० व्होल्टच्या बल्बवर ४०० व्होल्ट येतात आणि काच तोंडावर फुटू शकते. घरच्या माणसांनी ते करू नये.

त्यापेक्षा मीटर बरा. त्यावर ६०० व्होल्ट आणि 'कॅट ३' लिहिलेले पाहा. दांड्यांना बोटे घसरू नयेत म्हणून कड हवी. फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास दिसावे. फेज-अर्थिंगमध्येही तितकेच दिसावे. पण दिसले म्हणून अर्थिंग दणकट आहे असे नव्हे, मीटर फार थोडी वीज ओढतो. त्याच कारणाने बंद तारेवरही कधी चाळीस-पन्नास व्होल्ट दाखवतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे दांडी अँपिअरच्या भोकात ठेवून प्लगात घालणे. तेव्हा मीटर म्हणजे नुसती तार, आणि जाळ होतो. आमच्याच घरी झाला आहे, कोणी केला ते विचारू नका!

तारेजवळ नेताच पीं-पीं वाजणारे पेनही मिळते. सोयीचे आहे, परंतु सेल उतरला की तेही गप्प.

जुन्या वायरिंगला पावसाळ्यात ओल चढते. ती मेगरने कळते. मेगर स्वतःच ५०० व्होल्ट सोडतो. मेन बंद करून, उपकरणे काढूनच लावायचा. एक मेगओहमच्या खाली काटा आला तर दुरुस्ती हवी. हे काम परवानाधारक वायरमनचे. बल्ब, फ्यूज आपण बदलू. नवा पॉइंट काढायला त्यालाच बोलवा. आणि पाण्याची मोटर असेल तर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवायला सांगा. त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा. ते दाबले आणि वीज गेली नाही, तर तो बिघडला.

मैत्रिणींनो, आज सांगितल्याप्रमाणे पुष्कळजणींनी घरचे टेस्टर आणले आहेत. चहानंतर कोपऱ्यातल्या टेबलाशी या, एकेक लावून पाहू. तडकलेले निघतील ते माझ्याकडेच राहतील, परत मागू नका.