बोटीनं गोव्याला जाताना

बचत गटाच्या या कार्यक्रमात आम्ही एरवी पापड, शेवया, बँकेचं कर्ज आणि हप्ते यांवरच बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. समुद्रातल्या मोठ्या बोटीचा, ज्याला क्रूझ म्हणतात त्याचा. आमच्या गटांतल्या बारा जणी जानेवारीत मुंबईहून बोटीनं गोव्याला जाऊन आल्या. आल्यापासून धुळ्याकडून, अमळनेरकडून, पारोळ्याकडून एकच विचारणा आहे, ताई, कसं जायचं, किती लागतं, भीती वाटते का? एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा म्हटलं रेडिओवरच सांगावं.

आधी पैशाचं, कारण ऐकणारीच्या मनात तेच पहिलं येतं. आम्ही महिन्याला दीड हजार असे अठरा महिने वेगळे टाकले. माणशी सत्तावीस हजार झाले. गटाच्या खात्यातून एक रुपया काढला नाही. एकीनं सुचवलं होतं, अंतर्गत कर्ज घेऊन लवकर जाऊ. आम्ही नाही म्हटलं. म्हशीला, शिलाई मशीनला, मुलीच्या फीला कर्ज द्यायचं, फिरायला नाही, हे आमचं ठाम मत आहे आणि त्यावर कोणी रुसलं तरी चालेल.

जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेक वेळा एका खोलीत दोघी राहिल्या तर एकीचा असतो. त्याच्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी आणि सेवाशुल्क चढतं. आम्ही ज्याच्याकडून तिकिटं काढली त्या एजंटानं हे शेवटी सांगितलं आणि आमचा हिशेब माणशी काही हजारांनी हलला. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, "दादा, सगळं धरून हातात किती पडेल?" आणि ते कागदावर लिहून घ्या.

दुसरं नावाचं. हे फक्त आपल्या बायकांच्याच वाट्याला येतं. लग्नात नाव बदललं, सासरी सगळे त्याच नावानं हाक मारतात, गटाच्या रजिस्टरला तेच नाव, पण आधार कार्डावर माहेरचंच राहिलेलं. आम्ही एजंटाला व्हॉट्सअॅपवर नावं पाठवली ती गटात हाक मारतो तशी. बारापैकी तिघींची आधारशी जुळत नव्हती. निघायच्या आदल्या आठवड्यात सगळ्या जणी आधार घेऊन गोल बसलो आणि तिकिटाशी अक्षर न् अक्षर लावून पाहिलं तेव्हा कळलं. दुरुस्ती झाली, पण धक्क्यावर जाऊन कळलं असतं तर काय झालं असतं हा विचार अजून नको वाटतो. मूळ कार्ड सोबत ठेवा, मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून चालू नका.

मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट फिरते. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, आधी परदेशी कंपनीकडे असलेली, अकरा मजल्यांची. बॅलार्ड पिअरवर उभं राहून ती पाहिली तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "हे तं आपल्या तालुक्याचं गाव उचलून पाण्यात ठेवलं." पुरातली तापी आणि गिरणा धरण यापलीकडे पाणी न पाहिलेल्या बायका आम्ही. सामान धक्क्यावरच घेतात आणि ते संध्याकाळपर्यंत खोलीत पोचतं, म्हणून रोजच्या गोळ्या, चष्मा, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, शेगडी असलं काही नेऊ नका, काढून घेतात. आमचे केळीचे वेफर बंद पाकिटात होते ते राहिले, घरचा डबा मात्र आधी विचारल्याशिवाय नेऊ नका.

आता खोलीबद्दल. इथं आमचं चुकलं, म्हणून इथं जरा थांबते.

खोल्यांचे ढोबळमानानं तीन प्रकार. आतली खोली, तिला खिडकीच नसते. खिडकीची खोली, तिच्या काचेतून समुद्र दिसतो पण काच उघडत नाही. आणि बाल्कनीची, ती सगळ्यात महाग. आमच्या गटाचा जुना नियम आहे, सगळ्यांना सारखं. साडी वाटायची असो की सहल, एकीला जास्त, एकीला कमी नको. काही वर्षांपूर्वी यावरूनच मोठं भांडण झालं होतं, तेव्हापासून हा नियम. त्याप्रमाणे बाराही जणींना आतल्याच खोल्या, एकेका खोलीत चौघी, दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून उघडणारे वरचे. वर शिडीनं चढायचं. गुडघे दुखणाऱ्यांना खालचे पलंग द्यायचे हे आम्ही ठरवलं होतं. त्यापलीकडे कोणाला काही विचारलं नाही.

आमच्यात जिजी आहेत, बासष्ट वर्षांच्या. गटाच्या पहिल्या सभासद. त्यांच्या घरी त्या बाराही महिने ओट्यावर झोपतात, थंडीत फार तर दार उघडं ठेवून आत. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण बिनखिडकीच्या खोलीशी त्याचा संबंध एकीच्याही डोक्यात आला नाही. आणि त्या बोलल्या नाहीत, कारण बोललं तर महाग खोली लागेल, आणि महाग खोली मागितली तर नियम मोडेल.

पहिल्या रात्री अडीचच्या सुमारास खोलीतल्या एकीला जाग आली. आतल्या खोलीत दिवा घालवला की डोळ्यांपुढचा हातही दिसत नाही. तिनं चाचपून पाहिलं तर जिजींचा पलंग रिकामा. बाथरूममध्ये नाहीत, पॅसेजमध्ये नाहीत. तिनं आम्हाला उठवलं. मैत्रिणींनो, बोट समुद्राच्या मध्यावर, चारी बाजूंनी पाणी, आणि आपलं एक माणूस जागेवर नाही. त्या दहा मिनिटांत काय काय मनात आलं ते इथं बोलत नाही. तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितलं, तो आमच्यासोबत जिने चढला. वरच्या उघड्या डेकवर खुर्चीत जिजी बसलेल्या, डोक्यावरून शाल. आम्हाला पाहून म्हणाल्या, "मना जीव कोंडाई ऱ्हायना वं. तुम्ही झोपा."

कोण झोपणार? सकाळी रिसेप्शनवर जाऊन विचारलं, खिडकीची खोली रिकामी आहे का? होती. राहिलेल्या दोन रात्रींसाठी जिजी आणि गुडघेदुखीच्या एका मावशी, दोघींचा फरक मिळून सहा हजार. बारा जणींनी पाचशे-पाचशे काढले. जिजी घ्यायला तयार नाहीत. "मनामुळे सगळ्यांले भुर्दंड," एवढंच घोकत होत्या. शेवटी आम्ही पिशवीतली वही काढली आणि ते सहा हजार त्यांच्या नावावर कर्ज म्हणून लिहिले, बिनव्याजी, महिन्याला पाचशे. कर्ज म्हटल्यावर त्यांनी अंगठ्याजवळची शाई पुसत सही केली आणि खोलीत गेल्या. त्या रात्री पडदा उघडा टाकून झोपल्या.

यात बोटीचा दोष नाही. आतल्या खोलीत आमच्या बाकीच्या दहा जणी मजेत झोपल्या. दिवसा खोलीत असतो कोण! पैसे वाचवायचे तर आतली खोली चांगलीच आहे. पण ठरवण्याआधी प्रत्येकीला एकटीला गाठून विचारा. झोप कशी येते, बंद जागेत घाबरल्यासारखं होतं का, दमा आहे का, रात्री किती वेळा उठावं लागतं. बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं तर सगळ्या जणी "चालेल" म्हणणार. आमच्याही म्हणाल्या होत्या.

खोली कुठं आहे तेही विचारा. बोट पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त हलते, वरच्या मजल्यांवरही जास्त डुलते. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मळमळणाऱ्यांना बरी. नाचगाण्याच्या हॉलच्या खाली किंवा वर खोली घेऊ नका, रात्री बारा-एकपर्यंत दणदण चालते. बोट लागण्याची गोळी निघण्याच्या आधीच घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर उपयोग कमी, पण कोणती घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून. पोट रिकामं ठेवू नका, आल्याचा तुकडा जवळ ठेवा, आणि डोळे मिटून पडण्यापेक्षा डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पहिल्यांदा जाणारीनं जाऊच नये असं आम्हाला वाटतं. दिवस गेले असतील तर कंपनीचा नियम आधी विचारा, चोवीस आठवड्यांच्या पुढे बहुतेक बोटींवर घेत नाहीत.

बाथरूम लहान असतं, उंबरा उंच असतो, पहिल्या दिवशी तिघींच्या पायाला लागला. बादली-मग नसतो, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. संडास हवेनं खेचून घेणारा असतो, मोठा आवाज होतो, घाबरू नका. त्यात पॅड, कापूस काही टाकू नका. तुंबला तर शेजारच्या खोल्यांनाही त्रास होतो. साडीला पिना लावा. डेकवर वारा असा असतो की आमच्यातल्या नऊवारीवाल्या तेवढ्या निर्धास्त होत्या.

सुरुवातीलाच सगळ्यांना बोलावून धोक्याची घंटा कशी वाजते ते ऐकवतात, सात वेळा आखूड आणि मग एकदा लांब. आपण कुठं जमायचं आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. लोक तेव्हा सेल्फी काढत असतात. तुम्ही काढू नका. बोट म्हटलं की जुनी माणसं अजून 'रामदास'चं नाव घेतात. १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. तेवढं लांब कशाला, १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली. आपल्या जवळच्या सगळ्या जणी एकदा ते जॅकेट अंगात घालून, पट्टा लावून पाहतील एवढं बघा.

किनारा सुटला की मोबाइलची रेंज जाते. कधी फोन आपोआप बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल भारी येतं. म्हणून फोन विमान मोडवर टाका आणि घरी आधीच सांगून ठेवा की उद्या दुपारपर्यंत फोन लागणार नाही. एकीच्या नवऱ्यानं तरी रात्रीतून एकवीस वेळा फोन लावला, तो भाग वेगळा.

आता बंदरावर उतरण्याचं. गोव्यात बोट मुरगाव बंदराला लागते, म्हणजे वास्कोला. पणजी तिथून जवळपास तीस किलोमीटर. बोट दिवसभर थांबणार म्हटलं तरी सगळ्यांना उतरवून गेटबाहेर पडायलाच तास जातो, आणि परत यायची वेळ बोट सुटण्याच्या बरीच आधीची असते. ती वेळ पाटीवर असते, मनगटावर लिहून घ्या. बोटीकडूनच घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा वाट पाहते. आपण आपली गाडी करून गेलो तर पाहत नाही. तेव्हा आपणच वास्कोहून मुंबईपर्यंत यायचं, आणि सामान बोटीत.

आम्ही आमची मिनी बस केली. भाडं जाण्या-येण्याचं, थांबण्यासकट, आधी ठरवलं आणि पैसे परत गेटवर आल्यावर दिले. मंगेशीचं दर्शन निवांत झालं. जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्च पाहिलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण काजू राहिले होते. काजूच्या दुकानात बारा बायका, त्यात भाव करणाऱ्या खान्देशातल्या! पाऊण तास गेला. मग झुआरी पुलाकडे येताना वाहनांची रांग. बसमध्ये कोणी बोलेना. गेटवर पोचलो तेव्हा दिलेल्या वेळेला वीस मिनिटं उरली होती. एका मुक्कामाला एकच ठिकाण धरा. बीच बघायचा तर वास्कोजवळ बोगमाळो आहे, तेवढाच बघा आणि परत या.

लक्षद्वीपला जाणाऱ्या फेऱ्याही असतात. तिथं प्रवेशाचा परवाना लागतो, आणि मोठी बोट किनाऱ्याला न लागता लांब थांबते, छोट्या बोटीत उतरून जावं लागतं. हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो. गुडघे धड नसतील तर विचार करा.

आणि एवढा खर्च झेपत नसेल, किंवा समुद्र आपल्याला मानवतो का तेच माहीत नसेल, तर आधी भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत बसून पाहा. मार्च २०२० पासून ती सुरू आहे, साधारण तासाभराचा प्रवास. तेवढ्यात पोट काय म्हणतं ते कळतं.

जिजींचे चार हप्ते आले आहेत, आठ बाकी आहेत. मागच्या बैठकीत पुढच्या सहलीची वही उघडली तेव्हा पहिलं नाव त्यांनीच लिहायला लावलं, आणि नावापुढे कंसात लिहायला सांगितलं: खिडकीवाली.