गलाटा बुरूज: ठिगळे आणि धावदोरा

इस्तंबूलमध्ये 'सुवर्णशृंग' या खाडीच्या उत्तरेकडील टेकडीवर सुमारे 63 मीटर उंचीचा जो गोल दगडी बुरूज उभा आहे, तो जिनोआ या इटालियन नगरराज्यातून येऊन गलाट्यात वसलेल्या व्यापाऱ्यांनी आपल्या तटबंदीचा सर्वांत उंच भाग म्हणून 1348 मध्ये बांधला. तरीही खाडीच्या मुखाशी शत्रूची जहाजे अडवणारी लोखंडी साखळी याच बुरुजाला बांधली जाई, असे बिनदिक्कत सांगितले जाते. साखळीचा बुरूज निराळा होता. तो बायझंटाइन सम्राटांचा, थेट पाण्याकाठचा होता, आणि चौथ्या क्रुसेडच्या, म्हणजे धर्मयुद्धासाठी निघालेल्या पश्चिम युरोपीय फौजांनी तो 1203 मध्येच जिंकून साखळी मोडली होती.

जुनी वास्तू ही गोधडीसारखी असते. तिच्यात आजीचे लुगडे असते, आईचे पातळ असते, नातवाचा सदराही असतो. म्हणून सारी गोधडी आजीच्या लुगड्याची ठरत नाही. या बुरुजाचा खालचा भाग जिनोईजांचा असला, तरी वरचे मजले उस्मानी काळातील दुरुस्त्यांचे आहेत. शहरातील आगी हेरण्यासाठी तेथे पहारेकरी बसत, आणि 1794 व 1831 मध्ये मात्र आगीने तो बुरूजच गाठला. 1875 च्या वादळात त्याचे छप्पर उडाले, आणि आज प्रत्येक चित्रात दिसणारी शंकूच्या आकाराची टोपी 1960 च्या दशकातील जीर्णोद्धारात चढली.

हेझारफेन अहमद चेलेबी पंख लावून येथून उडाला आणि बोस्फोरस सामुद्रधुनी ओलांडून उस्कुदारला उतरला, ही कथा सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याच्या प्रवासवर्णनातच आढळते. 'हेझारफेन' म्हणजे 'हजार फन', हजार कला जाणणारा. त्यातील दोन्ही शब्द मराठी कानांना ओळखीचे आहेत. सुलतान चौथ्या मुरादने त्याला आधी सोने दिले आणि मग भीतीने अल्जीरियाला धाडले, असेही एव्लिया सांगतो. अशी दंतकथा म्हणजे गोधडीचा धावदोरा होय: तो उसवू नये, पण त्यालाच कापड समजू नये.

आग हेरणाऱ्या पहारेकऱ्यांविषयी सांगण्याजोगे बरेच असले, तरी नेमलेली मिनिटे संपत आली आहेत. श्रोत्यांनी निदान एवढे ध्यानी ठेवावे, की साखळीचा बुरूज पाण्याकाठचा होता आणि टेकडीवरचा हा बुरूज 1348 चा आहे.