ओसरीवरची कचेरी



घर आणि कचेरी हीं दोन निराळीं स्थळें आहेत, ही समजूत आपल्याकडे फार जुनी नाहीं. कुळकर्ण्याचें दप्तर घरींच असे. कोष्ट्याचा माग आणि सोनाराची शेगडीही घरांतच. पुढें घंटेवर चालणारे कारखाने व कचेऱ्या आल्या, आणि काम उंबऱ्याबाहेर गेलें.

२०२० च्या मार्चमध्यें करोनामुळें देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां तें पुन्हां आंत आलें. पुण्यामुंबईस संगणकावर काम करणारीं बीड, अंबाजोगाईकडचीं कितीतरी मुलें गांवीं परतलीं. कोणी माळवदाच्या खोलींत बसला, कोणी ओसरीवर. पण जो डोळ्यांसमोर दिसतो तो रिकामा, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा जुना सिद्धांत! "बसलाच आहेस, तर गिरणींतून दळण घेऊन ये." त्यांतही मुलाची खोली आंतून बंद असे, सुनेचें दार मात्र नुसतें लोटलेलें.

याचें माप घेतलें गेलें आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणींत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें त्यांत जात होतीं, पुरुषांचीं ९७. प्रसूतीच्या रजेनंतर, काम तशा प्रकारचें असल्यास, मालकाशीं ठरवून घरून काम करण्याची वाट २०१७ च्या कायदेदुरुस्तीनें मोकळी केली. मालकानें संमति दिली. घरच्यांची मिळवावयाची उरलीच.

आमच्या जिल्ह्यांत याची दुसरी बाजूही आहे, आणि ती अधिक कठोर. दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. तेथें काम घरीं येत नाहीं, घरच कामावर जातें. मुकादमाच्या हिशोबांत नवराबायको मिळून 'एक कोयता'. पहाटें भाकरी थापावयाच्या, दिवसभर फडांत मोळ्या बांधून डोक्यावर वाहावयाच्या, लेकरूं तेथेंच पाचटावर निजवावयाचें, आणि कोपीवर येऊन पुन्हां चूल पेटवावयाची. त्या एका कोयत्यांत तिची ही चूल कोठेंच धरलेली नाहीं. शिकल्यासवरल्या घरांतील सुनेच्या पगारपत्रकांत तरी ती कोठें असते?

तेव्हां ज्या घरांत ओसरीवर कचेरी थाटली आहे, तेथें कामाचे तास भिंतीवर लिहून ठेवावे, आणि ते आधीं घरच्यांनीं वाचावे. सून कामाला बसली असतां दाराची कडी वाजली, तर सासऱ्यांनीं उठावें. दूधवाल्याचा हिशोब त्यांनाही येतो.